मराठी पुस्तक इंग्रजीत नेताना: राष्ट्रीय अनुवाद पुरस्कारासाठीची तयारी

ज्या घरांत एका पिढीने मराठीत लिहिले आणि पुढची पिढी इंग्रजीत शिकली, अशी घरे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत जागोजागी आढळतात. आजोबांची कादंबरी, गावातल्या शिक्षकाचे आत्मकथन, एखाद्या कीर्तनकाराच्या आठवणी असे काही तरी तिथे जपलेले असते आणि ते इंग्रजीत न्यावे, अशी इच्छा नातवंडांपैकी कोणाला तरी होते. अशी मंडळी माझ्याकडे मसुदा घेऊन येतात, तेव्हा पुरस्काराविषयीचा प्रश्नही सोबत असतो. तो विचारण्यात काही वावगे आहे, असे मी मानत नाही. राष्ट्रीय पातळीवर एखाद्या अनुवादाची दखल घेतली गेली, तर मूळ पुस्तकाकडेही वाचक पुन्हा वळतात आणि गोव्यातल्या मराठी लेखनाला याची फार गरज आहे. अडचण एवढीच की हा प्रश्न बहुधा पुस्तक छापून झाल्यावर विचारला जातो. तोपर्यंत करायच्या गोष्टी एक तर होऊन गेलेल्या असतात किंवा कायमच्या राहून गेलेल्या असतात. म्हणून येथे कामाचा क्रम पहिल्या दिवसापासून सांगत आहे.

पुरस्कार कोणता आणि कोणत्या भाषेचा

आपल्या देशात सर्वप्रथम विचार करायचा तो साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचा. अकादमीची स्थापना १९५४ साली झाली आणि अनुवादासाठीचा हा स्वतंत्र पुरस्कार १९८९ साली सुरू झाला. अकादमीने मान्य केलेल्या २४ भाषांसाठी तो दरवर्षी दिला जातो. ५०,००० रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांखेरीज इंग्रजी आणि राजस्थानी या दोन भाषांचा त्या २४ मध्ये समावेश होतो. यातली नीट ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की अनुवाद ज्या भाषेत झाला, त्या भाषेच्या नावाने पुरस्कार दिला जातो. कोंकणी कादंबरी मराठीत आणली, तर तिचा विचार मराठीच्या पुरस्कारासाठी होतो. मराठी कादंबरी इंग्रजीत नेली, तर तिचा विचार इंग्रजीच्या पुरस्कारासाठी होतो. गोव्यातले पुष्कळ अनुवादक मूळ भाषा मराठी म्हणून मराठीच्या पुरस्काराची चौकशी करत राहतात आणि त्यात एखादे वर्ष निघून जाते.

इंग्रजीच्या या एका पुरस्कारासाठी मल्याळम, बंगाली, तमिळ, कन्नड, उर्दू अशा कितीतरी भाषांतून आलेली पुस्तके एकमेकांशेजारी उभी असतात. निवड तीन सदस्यांचे परीक्षक मंडळ करते आणि तिला अकादमीच्या कार्यकारी मंडळाची मान्यता लागते. त्या तिघांना मराठी येत असेलच, असे धरून चालता येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

कालमर्यादाही समजून घ्यावी. २०२३ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१७ ते ३१ डिसेंबर २०२१ या पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेले अनुवाद विचारात घेतले गेले. म्हणजे पुरस्काराचे वर्ष आणि त्याच्या आधीचे वर्ष सोडून त्यामागची पाच वर्षे धरली जातात. याच हिशेबाने डिसेंबरच्या अखेरीस आलेले पुस्तक जानेवारीच्या आरंभी आलेल्या पुस्तकापेक्षा एक वर्ष आधी पात्र ठरते. केवळ एवढ्यासाठी छपाईची घाई करावी, असे मी म्हणणार नाही. पण पुस्तक तयार असेल आणि प्रकाशक नाताळाच्या सुट्टीमुळे ते पुढच्या वर्षावर ढकलत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे अवश्य मांडावा. चालू वर्षाचे नियम अकादमीच्या संकेतस्थळावर वाचावेत. शंका उरल्यास मुंबईच्या विभागीय कार्यालयाला लेखी विचारावे, कारण मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचे काम तेच कार्यालय पाहते.

मराठीतून इंग्रजीत गेलेल्या अनुवादाला हा मान पूर्वी मिळालेला आहे. दिलीप चित्रे यांना १९९४ साली त्यांच्या मराठी कवितेसाठी अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तुकारामांच्या अभंगांच्या इंग्रजी अनुवादासाठी त्याच वर्षीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. एकाच हाताने दोन्ही भाषांत केलेल्या कामाची अशी दखल घेतली गेल्याचे हे उदाहरण मी नव्या अनुवादकांना आवर्जून सांगतो.

दुसरा पुरस्कार अमेरिकेतला आहे. अमेरिकन लिटररी ट्रान्सलेटर्स असोसिएशन ही साहित्यानुवादकांची संस्था १९७८ साली स्थापन झाली आणि १९९८ पासून ती इंग्रजीत आलेल्या अनुवादासाठी नॅशनल ट्रान्सलेशन अवॉर्ड देते. २०१५ पासून गद्यासाठी एक आणि कवितेसाठी एक असे दोन पुरस्कार दिले जातात. आपले पुस्तक तिथवर जाईल की नाही, हे प्रकाशक आणि वितरण यांवर अवलंबून आहे. तरीही मी तो येथे घेतो आहे, कारण त्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. इंग्रजी पुस्तक स्वतंत्रपणे किती चांगले उतरले आहे, एवढेच तिथे पाहिले जात नाही. मूळ संहिता आणि अनुवाद यांचे नाते कसे आहे, हेही त्या मूळ भाषेच्या जाणकारांकडून तपासून घेतले जाते.

या दोन पद्धती एकत्र विचारात घेतल्या की आपल्याला नेमके काय करायचे आहे, ते स्पष्ट होते. मराठीचे एक अक्षर न येणाऱ्या वाचकापुढे आपले इंग्रजी पुस्तक उभे राहिले पाहिजे आणि हातात मूळ मराठी पुस्तक घेऊन बसलेल्या वाचकापुढेही ते तितकेच टिकले पाहिजे. पुढचे सारे काम या दोन वाचकांना समोर ठेवून करायचे आहे.

हक्क आणि परवानगी

पहिले पान अनुवादित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवाद करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो आणि तो लेखकाच्या हयातीत, तसेच त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. लेखक १९६४ साली वारला असेल, तर त्याचे लेखन १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना खुले झाले. १९७० साली वारला असेल, तर २०३० संपेपर्यंत परवानगीवाचून पुढे जाता येणार नाही.

हक्क कोणाकडे आहे, हे ठरवताना पुस्तकाचे श्रेयपान बारकाईने वाचावे. जुन्या मराठी पुस्तकांत ‘सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन’ असे छापलेले असते, कधी प्रकाशकाचे नाव असते, तर पुष्कळदा लेखकाच्या पत्नीचे नाव असते. प्रकाशकाचे नाव असेल, तर जुना करार शोधावा आणि त्यात अनुवादाचे हक्क दिले होते का, ते पाहावे. लेखकाचा अधिवास गोव्यात असेल, तर वारसाहक्काचा प्रश्न येथल्या कायद्याने सुटतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली वारसाची व्यवस्था गोव्यात चालत आली आणि आता २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रियेविषयीचा कायदा तिचे नियमन करतो. या व्यवस्थेत पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते आणि मुलगे व मुली यांना सारखाच वाटा असतो. त्यामुळे घर सांभाळणाऱ्या थोरल्या मुलाची एकट्याची सही घेऊन आपले काम झाले, असे समजू नये. इन्व्हेंटरी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया, झाली असेल, तर तिचे कागद पाहावेत. झाली नसेल, तर हयात जोडीदार आणि सर्व मुलांच्या सह्या घ्याव्यात आणि मसुदा वकिलाला दाखवावा.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या अनुवादाच्या वेळी मी लेखकाच्या एका मुलाचे संमतिपत्र घेतले आणि दोन वर्षे मन लावून काम केले. पुस्तकाची अक्षरजुळणी झाल्यावर परगावी असलेल्या लेखकाच्या मुलीला ही बातमी तिऱ्हाईताकडून कळली. तिचा अनुवादाला विरोध नव्हता. आपल्याला विचारले नाही, याचे तिला दुःख झाले होते आणि ते रास्त होते. तिची समजूत घालण्यात एक पावसाळा आणि त्यानंतरचे अनेक महिने गेले. तिला आधी एक पत्र लिहिले असते, तर हे टळले असते.

संमतिपत्रात पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती, अनुवादाची भाषा, प्रसिद्धीचा प्रदेश, मुदत, मानधनातील वाटा, ई-पुस्तक व श्राव्य पुस्तक यांची मुभा आणि पुरस्कारासाठी पुस्तक व त्यातले उतारे सादर करण्याची परवानगी, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. उताऱ्यांची परवानगी बहुतेकांकडून राहून जाते.

मूळ आवृत्ती निश्चित करणे

आपण ज्या प्रतीवरून अनुवाद करतो आहोत, ती कोणती आवृत्ती आहे, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा अनुवाद मुळाशी ताडून पाहता येत नाही. गोव्याच्या पुस्तकांबाबत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत येथे छापील मजकुरावर पूर्वतपासणी होती आणि त्यामुळे गोव्यातल्या लेखकांची पुस्तके अनेकदा मुंबई-पुण्याकडे छापली जात. १९६१ नंतर पुन्हा निघालेल्या आवृत्तीत लेखकाने काही मजकूर वाढवलेला किंवा मोकळेपणाने पुन्हा लिहिलेला असू शकतो. नियतकालिकात क्रमशः आलेली कादंबरी पुस्तकरूपात येताना बदललेली असते, ते वेगळेच.

यासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात काही दिवस बसावे. १८३२ पर्यंत मागे जाणारी या ग्रंथालयाची परंपरा आहे. तिथे मिळतील त्या सर्व आवृत्त्या काढून त्यांतली किमान पहिली आणि लेखकाच्या हयातीतली शेवटची आवृत्ती प्रकरणागणिक ताडून पाहावी. मी साधारणपणे लेखकाने स्वतः पाहिलेली शेवटची आवृत्ती आधारभूत मानतो. पण ज्या ठिकाणी जुना पाठ अधिक अर्थपूर्ण वाटतो, तिथे तो स्वीकारून प्रस्तावनेत तसे नोंदवतो. घरच्या कपाटातल्या प्रतीवर लेखकाने पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या असतील, तर त्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

गोव्याच्या शब्दांची परीक्षा

आता खऱ्या कामाकडे येऊ. गोव्यातल्या मराठी लेखनात असे काही शब्द येतात की जे पुण्या-मुंबईच्या वाचकाला ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच त्याला फसवतात. अनुवादकाला कठीण शब्दाचे भय फारसे नसते, कारण कठीण शब्द तो शोधतोच. भय असते ते सोप्या दिसणाऱ्या शब्दाचे.

‘मानस उघडण्याच्या वेळी बाबा घरी नसत’, असे एक वाक्य समजा. प्रमाण मराठीत मानस म्हणजे मन, म्हणून मन मोकळे करण्याचा काही तरी भावुक प्रसंग आहे, असे समजून परगावचा अनुवादक ते इंग्रजीत उतरवील. गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, मात्र मानस म्हणजे बांधातले पाणदार, ज्यातून ओहोटीला पाणी बाहेर पडते आणि भरतीला खारे पाणी आत येण्यापासून अडते. मानशीच्या तोंडाशी मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि रात्री-अपरात्री भरती-ओहोटीच्या वेळेनुसार तिथे जावे लागते. म्हणजे त्या एका वाक्यात बाबांचा व्यवसाय, त्यांचे जागरण आणि घरातली त्यांची अनुपस्थिती असे सारे काही आहे.

‘गाऱ्हाणे’ हा दुसरा असा शब्द. इतरत्र गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. गोव्यात आणि तळकोकणात ग्रामदेवतेपुढे सर्वांच्या वतीने घातलेले सामूहिक मागणे. त्या मागण्याला स्वतःची लय असते आणि लोक त्याला एका सुरात होकार देतात. इंग्रजीत त्यासाठी तक्रारीचा शब्द वापरला, तर देवळातल्या त्या प्रसंगाचे कचेरीत रूपांतर होते. ‘अवसर’ म्हणजे प्रमाण मराठीत वेळ किंवा संधी. आमच्याकडे अवसर येतो, म्हणजे अंगात देवतेचा संचार होतो. ‘राखणदार’ म्हणजे पहारेकरी नव्हे. गावाच्या शिवेवर वसणारी आणि गावाचे रक्षण करणारी अदृश्य शक्ती ती. डिचोली-सत्तरीकडच्या कथांत राखणदाराला दिलेला मान रखवालदाराला दिल्यासारखा इंग्रजीत उतरला, तर मूळ लेखकावर अन्याय होतो.

काही शब्दांना इंग्रजीत प्रतिशब्द असल्याचा केवळ भास होतो. ‘भाटकार’ म्हणजे जमीनदार, असे सरधोपटपणे लिहिले जाते, पण भाटकार हा भाटाचा, म्हणजे माडा-पोफळीच्या बागायतीचा मालक असतो आणि ‘मुंडकार’ त्याच्या जमिनीत घर बांधून राहतो. त्या राहण्यात संरक्षण होते, मिंधेपण होते आणि घर कधीही उठवले जाण्याचे भय होते. म्हणून तर मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली करावा लागला. हे दोन शब्द तसेच ठेवावेत आणि ज्या वाक्यात ते पहिल्यांदा येतात, त्याच वाक्याच्या ओघात एखाद्या लहान तपशिलाने त्यांचा अर्थ उघड करावा. ‘कुळागर’ (पोफळीची बागायत), ‘मांड’ (गावाच्या उत्सवाची पवित्र जागा), ‘गावकरी’ (गावाच्या सामाईक जमिनीची व्यवस्था पाहणारी संस्था) या शब्दांनाही हीच रीत लागू आहे. पानाच्या तळाशी टिपांची रांग लावू नये. टीप वाचकाला कथेतून बाहेर काढते आणि मराठी न येणारा परीक्षक तिसऱ्या-चौथ्या टिपेनंतर तिच्याकडे पाहणे सोडून देतो.

शब्दांचा माग काढण्यासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती अजूनही मोठा आधार आहे. कोंकणी आणि पोर्तुगीज शब्दांसाठी सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा १८९३ चा कोंकणी-पोर्तुगीज कोश पाहावा. मात्र कोशापेक्षाही त्या गावचा वृद्ध शेतकरी, देवळातला पुजारी किंवा मानशीवर काम केलेला माणूस अधिक सांगतो. त्याच्याकडे वही घेऊन जावे आणि शब्दाचा अर्थ न विचारता तो शब्द कधी वापरतात, ते विचारावे. सत्तरीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी माझा मसुदा ऐकताना मला एवढेच विचारले होते, ‘अवसर आला तेव्हा घाडी कुठे होता?’ माझ्या अनुवादात घाडी, म्हणजे देवतेशी बोलणी करणारा गावचा मांत्रिक, वाक्यातून गळून गेला होता, कारण मी त्या प्रसंगातले त्याचे काम समजूनच घेतले नव्हते.

निवेदन मराठी, संवाद कोंकणी

गोव्यातल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांचे बोलणे कोंकणीत, अशी रचना वारंवार दिसते. इंग्रजीत दोन्ही एकाच पातळीवर आणले की मूळ पुस्तकातला एक अख्खा ताण नाहीसा होतो. शिकून शहाणा झालेला निवेदक आणि त्याची अंगणात बसलेली आजी यांच्या भाषेतले अंतर हाच पुष्कळदा त्या कथेचा विषय असतो.

यावर सर्वांत वाईट उपाय म्हणजे पात्रांच्या तोंडी इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याची बोली घालणे. त्यातून सासष्टीची बाई यॉर्कशरची होते. मी पुढील मार्ग धरतो. निवेदनात मराठीची लांब, एकात एक गुंफलेली वाक्यरचना शक्य तितकी राखतो; संवादात वाक्ये आखूड ठेवतो, क्रिया आधी आणतो आणि संबोधने अजिबात बदलत नाही. ‘आवय’, ‘बापूय’, ‘बाय’ आणि नावापुढे आदराने लागणारे ‘बाब’ हे शब्द तसेच ठेवतो, कारण बाबचे इंग्रजी मिस्टर केले, तर आदर राहतो पण जवळीक जाते. पोर्तुगीजमधून आलेला शब्द निवेदनात असेल, तर त्याचे मूळ पोर्तुगीज रूप वापरायला माझी हरकत नसते. पण तोच शब्द पात्राच्या तोंडी असेल, तर गावात त्याचा जसा उच्चार होतो, तसाच तो लिहितो. रेजिदोराला, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या गावच्या अधिकाऱ्याला, चावडीबाहेर काय म्हणत आणि चावडीत काय म्हणत, यातला फरक त्यामुळे वाचकाच्या कानाला जाणवतो.

मराठीची आणखी एक सोय इंग्रजीत नाही, ती म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद. भाटकार मुंडकाराला ‘आपण बांध घालू’ म्हणतो, तेव्हा त्यात मुंडकाराचे श्रम गृहीत असतात आणि वर सहभागाचा आव असतो. मुंडकार ‘आम्ही बांध घालू’ म्हणतो, तेव्हा त्यातून भाटकार वगळलेला असतो. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच सर्वनाम येते. अशा जागी मी पुढच्या-मागच्या वाक्यात ‘तू आणि मी’ किंवा ‘माझी माणसे’ असा तपशील आणून तो भेद दाखवतो. ‘तू’चा ‘तुम्ही’ होणे, ‘बाई आली’ आणि ‘बाई आल्या’ यांतले अंतर, हे सर्व असेच जपावे लागते. प्रत्येक वेळी साधेल असे नाही, पण कथेला जिथे वळण लागते, तिथे ते साधलेच पाहिजे.

कोंकणीतून इंग्रजीत गेलेले गोव्याचे पुस्तक या दृष्टीने अभ्यासायचे असेल, तर पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कादंबरी आणि विद्या पै यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला तिचा इंग्रजी अनुवाद एकत्र घेऊन बसावे. एक प्रकरण ओळीस ओळ ताडून पाहिले आणि आपण तिथे काय केले असते, ते वहीत लिहिले, तर एखाद्या कार्यशाळेइतका लाभ होतो.

ताडून पाहणे

मसुदा झाला की तो दोन माणसांकडे द्यावा. पहिला वाचक मराठी न येणारा असावा. त्याला मूळ पुस्तकाविषयी काहीही सांगू नये आणि तो जिथे अडखळला, तिथे फक्त खूण करायला सांगावे. दुसरा वाचक दोन्ही भाषा आणि तो परिसर जाणणारा असावा. त्याने मूळ पुस्तक समोर ठेवून निदान दर दहावे पान पूर्ण ताडावे आणि गळलेली वाक्ये, वाढवलेली स्पष्टीकरणे आणि उलटे झालेले अर्थ असे तीन प्रकारचे दोष वेगवेगळे नोंदवावेत. एखाद्या पानावर दोन वाक्ये गळलेली आढळली, तर ते संपूर्ण प्रकरण पुन्हा तपासावे.

प्रकाशकाचे संपादक पुनरुक्ती म्हणून परिच्छेद कापतात, तेव्हा विशेष दक्ष राहावे. मराठी आत्मकथनात पुनरुक्ती कधी केवळ सवय असते, तर कधी शोकाची रीत असते. छाट योग्य असेल, तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती घेऊन आणि प्रस्तावनेत तसे सांगून ती करावी. मूळ संहिता पाहणाऱ्या परीक्षकाला न सांगता झालेली छाट सापडली, तर उरलेल्या सर्व पानांवरचा त्याचा विश्वास डळमळतो.

अनुवादकाची प्रस्तावना आणि प्रकाशकाशी करार

प्रस्तावना चार-पाच पानांची असावी. तिच्यात आधारभूत आवृत्ती, कोंकणी संवादांची हाताळणी, पोर्तुगीज शब्दांची रूपे आणि केलेली छाट यांविषयी थोडक्यात सांगावे. गोव्याचे पुस्तक मराठीत का, हा प्रश्न बाहेरच्या वाचकाला हमखास पडतो. त्याचे उत्तरही येथेच द्यावे. गोव्यातल्या केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली ओवीबद्ध श्रीकृष्णचरित्र मराठीत रचायला घेतले आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे मराठीत, पण रोमन लिपीत छापले गेले, एवढी दोन उदाहरणे दिली की पुरेसे होते. कोंकणी आणि मराठी यांच्या वादाची बाजू मांडण्यासाठी ही जागा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ लेखकाची सोबत अशा वेळी सुटते.

करारात तीन गोष्टी आग्रहाने घालाव्यात. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर असेल. अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाकडे राहील, कारण कायद्याने अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती आहे. आणि कोणत्या पुरस्कारांसाठी पुस्तक कोण पाठवील, किती प्रती देईल, प्रवेशशुल्क असल्यास कोण भरील, हे नावानिशी लिहिलेले असेल. लहान प्रकाशकाकडे पुरस्कारांच्या तारखा सांभाळणारा स्वतंत्र माणूस नसतो. ती वही अनुवादकाने स्वतः ठेवावी आणि प्रत्येक मुदतीच्या दोन महिने आधी प्रकाशकाला लेखी आठवण द्यावी.

पुस्तक पाठवताना प्रतींबरोबर एक पानाचे निवेदन जोडावे. त्यात मूळ लेखकाचा परिचय, मूळ पुस्तकाच्या प्रथम प्रसिद्धीचे वर्ष आणि इंग्रजी आवृत्तीच्या प्रथम प्रसिद्धीची तारीख असावी. मूळ पुस्तक बाजारात मिळत नसेल, तर त्याची एक छायाप्रत तयार ठेवावी. मराठी जाणणाऱ्या परीक्षकाने मागितली, तर ती लगेच देता आली पाहिजे. संमतिपत्रे, वारसांची पत्रे, जुन्या आवृत्त्यांची छायाचित्रे आणि ताडणीच्या नोंदी एकाच फायलीत लावाव्यात आणि त्या फायलीची एक प्रत मूळ लेखकाच्या घरी, इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या प्रतीबरोबर, स्वतः नेऊन द्यावी.